पाकीट फोडण्याआधी मूळ खणून बघा

मूग-उडीद महिन्याचे झाले, सोयाबीन फुलावर यायला लागलं, की अर्ध्या तासाचं एक काम करायचं असतं आणि ते फार थोडे शेतकरी करतात. रानाच्या चारही बाजूंनी आणि मधून एकेक झाड खुरप्यानं किंवा कुदळीनं, मुळाभोवतीच्या वीतभर ढेकळासकट काढायचं. उपटायचं नाही. उपटलं की बारीक मुळ्या तुटतात आणि ज्या गाठी बघायच्या त्या मातीतच राहतात. मग ‘आपल्या सोयाबीनला गाठीच नाहीत’ म्हणत माणूस कृषी सेवा केंद्राची वाट धरतो. ढेकूळ बादलीभर पाण्यात पंधरा मिनिटं ठेवलं की माती आपोआप सुटते. मुळावर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी दिसतील. त्यातली एक टपोरी गाठ बोटांनी सोडवून नखानं चिरा. आत रक्ताच्या छटेचा लाल-गुलाबी रंग निघाला, बोटाला ओलसर डाग लागला, तर ती गाठ त्या घडीला कामावर आहे. आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली तर तिचं आयुष्य सरलं आहे. पांढरी निघाली तर ती एकतर अजून कोवळी आहे किंवा तिच्यातले जिवाणू कामाचे नाहीत. आठवड्यानं पुन्हा बघायचं.

तो लाल रंग खरोखरच आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याच्या भाऊबंदातला आहे. लेगहिमोग्लोबिन त्याचं नाव. गाठीत रायझोबियम कुळातले जिवाणू कोट्यवधींच्या संख्येनं राहतात. हवेत ७८ टक्के नत्र असला तरी तो कुठल्याच झाडाला थेट घेता येत नाही. हे जिवाणू तो पकडून अमोनियाच्या रूपात झाडाला देतात आणि त्या बदल्यात झाड पानांत तयार झालेली साखर मुळावाटे त्यांना पोचवतं. अडचण अशी, की नत्र पकडणारं जिवाणूचं विकर प्राणवायूनं निकामी होतं, आणि जिवाणूला श्वासासाठी प्राणवायू तर हवाच. लेगहिमोग्लोबिन हा प्राणवायू मोजून-मापून पुरवतं, म्हणून गाठीचा लाल रंग हा तिच्या कामाचा पुरावा. जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवून दिलं, की शेंगवर्गीय पिकं या गाठींच्या जोरावर हवेतला नत्र घेतात. १८८८ मध्ये नेदरलँड्सच्या बायरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढला. आपल्याकडे कपाशीच्या ओळींत तुरीचं तास टाकणारे आणि मुगाच्या रानात पुढं ज्वारी घेणारे शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून या गाठींचं खात होते.

सिल्लोड तालुक्याची ओळख आज मका, कपाशी आणि हिरव्या मिरचीची. मूग-उडीद मागे सरले, सोयाबीन पुढे आलं, रब्बीत हरभरा टिकून आहे, पट्ट्यापट्ट्यानं अद्रक आहे. शिवना असो, भराडी असो की अंधारी, बहुतेक घरी दावणीला दोन-चार जनावरं आणि बऱ्याच घरी शेळ्याही असतात. या प्रत्येकाच्या मुळाशी किंवा पोटात सूक्ष्मजीवांशी झालेली जुनी भागी आहे. ती भागी दिसत नाही म्हणून तिच्यावर पैसे खर्च होतात ते डोळे झाकून, आणि तिचं नुकसान होतं तेही डोळे झाकून. दोन्ही टाळता येतं.

गाठी किती हव्यात? सोयाबीनला फुलोऱ्याच्या वेळी मुख्य मुळाभोवती आठ-दहा टपोऱ्या, आतून लाल गाठी असल्या तर समाधान मानावं. संख्येपेक्षा रंग महत्त्वाचा. पन्नास बारीक पांढऱ्या गाठींपेक्षा दहा लाल गाठी केव्हाही बऱ्या. जागाही बघा. खोडाच्या खाली मुख्य मुळाला चिकटून झुबका असेल तर बियाण्याला लावलेलं जिवाणूंचं कल्चर लागू पडलं असं समजा. लांबच्या उपमुळांवर विखुरलेल्या गाठी बहुधा जमिनीत आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या असतात. हरभऱ्याच्या गाठी गोल नसतात, त्यांना फाटे फुटलेले असतात आणि एकाच गाठीचं टोक कोवळं, मधला भाग लाल, बुडखा हिरवट असं दिसू शकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

इथं मिरचीवाल्यांसाठी एक गोष्ट थांबून सांगायला हवी. मिरचीच्या, टोमॅटोच्या, वांग्याच्या मुळावर गाठ दिसली तर ती कधीही चांगली नसते. ती सूत्रकृमीची असते. ओळखायची रीत सोपी आहे: रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटानं अलगद सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती सोडवायला गेलात तर मूळ तुटतं, गाठ सुटत नाही. मूग-सोयाबीनवरही सूत्रकृमी येतात, तेव्हा ही चाचणी तिथंही करा. अशा गाठी सापडलेल्या रानात पुढच्या वर्षी पुन्हा मिरची किंवा वांगी-टोमॅटो घेऊ नका.

आता कल्चरच्या पाकिटाकडे वळू. कल्चर लावावं की नाही, हा प्रश्न सरसकट सोडवायचा नसतो. ज्या रानात तीन-चार वर्षं सोयाबीन होतं आहे आणि मुळावर लाल गाठी भरपूर आहेत, तिथं जमिनीत जिवाणू आहेत. कल्चर लावलं तर थोडा आधार, नाही लावलं तर आकाश कोसळत नाही. पण ज्या रानात वर्षानुवर्षं कपाशी आणि मका आलटून-पालटून होते, तिथं पहिल्यांदा सोयाबीन किंवा हरभरा टाकणार असाल तर कल्चर चुकवू नका. सोयाबीन हे आपल्या मातीतलं मूळचं पीक नाही. मुगा-उडदाला, तुरीला, चवळीला, भुईमुगाला चालणारे जिवाणू आपल्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम हा वेगळा जिवाणू लागतो आणि हरभऱ्याला मेझोरायझोबियम हा आणखी वेगळा. मूळ आपल्या रसायनांनी बोलावणं धाडतं, जिवाणू आपल्या रसायनानं उत्तर देतो, आणि ओळख पटली तरच मूळकेस वळतो आणि जिवाणूला आत घेतो. म्हणून हरभऱ्याचं उरलेलं पाकीट सोयाबीनला लावणं म्हणजे पैसे मातीत. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी वाचायची गोष्ट तारीख. जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. त्यानुसार भुकटीच्या रायझोबियममध्ये ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलीटरमागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. जिवंत हा शब्द इथं खरा मोलाचा. हे औषध नव्हे, जित्राब आहे, आणि उन्हानं मरतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या दुकानात वरच्या फळीवर दोन महिने पडलेल्या पाकिटात छापलेली तारीख खरी असली तरी जिवाणू खरे राहतील याची खात्री नसते. घेतलं तर पेरणीच्या तोंडावर घ्या, मोटारसायकलच्या डिकीत भर उन्हात ठेवून बाजार करत फिरू नका, घरी माठाजवळ सावलीत ठेवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात द्रवरूप जिवाणू खतं तयार होतात. १८ मेच्या सुमारास तिथं खरीप मेळावा असतो, तेव्हा गावातून दोघं-चौघं जाणार असले तर सगळ्यांचं एकत्र आणवता येतं. छत्रपती संभाजीनगरला पैठण रस्त्यावर आणि गांधेलीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथंही विचारावं.

लावण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो आणि नेमकी इथंच चूक होते. भुकटी असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, द्रवरूप असेल तर किलोला १० मिलिलीटर. भुकटी चिकटावी म्हणून लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून, पूर्ण थंड करून ते पाणी वापरतात. कोमट पाण्यात कल्चर कालवलं की निम्मं काम तिथंच संपलं. बी ताडपत्रीवर पसरून हलक्या हातानं वर-खाली करायचं. सोयाबीनच्या बाबतीत हा हलका हात फार जपा. त्याची साल पातळ असते; चोळलं किंवा जास्त ओलं केलं तर साल सुटते, डाळ पडते आणि उगवण घसरते. दहा किलो बियाण्याला जेमतेम ओल येईल इतकंच पाणी. मग सावलीत पसरून सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. पावसानं गाठलं आणि पेरणी दोन दिवस लांबली, तर पेरताना पुन्हा लावा.

बुरशीनाशक लावायचं असेल तर क्रम असा: आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर कीटकनाशक, ते सुकल्यावर अगदी शेवटी जिवाणू. तिन्ही एकाच घमेल्यात कालवलेलं मी कितीदा पाहिलं आहे, आणि दर वेळी पाकिटातल्या जिवांची कीव आली आहे. ताम्रयुक्त बुरशीनाशकं आणि स्ट्रेप्टोसायक्लिनसारखी प्रतिजैविकं तर रायझोबियमच्या मुळावरच उठतात. बाजारातून आणलेलं बी आधीच लाल-निळ्या रंगाचं, म्हणजे औषध लावलेलं असेल, तर बियाण्याला लावण्याऐवजी एकरी दोन किलो कल्चर चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या वेळी तासात टाकणं जास्त भरवशाचं. ट्रायकोडर्मा मात्र रायझोबियमसोबत चालतो.

एवढं करून पीक उभं राहिलं, की पुढची चूक युरियाची. सोयाबीन तीन आठवड्यांचं असताना फिकट दिसतं. बियाण्यातली शिदोरी संपलेली असते आणि गाठी नुकत्या कामाला लागत असतात. तेवढे आठ-दहा दिवस धीर धरायचा. शेजाऱ्यानं युरिया फेकला, त्याचं हिरवंगार झालं, म्हणून आपणही फेकतो. जमिनीत नत्र फुकट मिळायला लागला की झाड जिवाणूंना साखर देणं आखडतं, नव्या गाठी धरत नाहीत, असलेल्या लवकर म्हाताऱ्या होतात. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश ही शिफारस आहे. म्हणजे एकरी १२ किलोच नत्र, आणि त्यातला ९ किलो डीएपीच्या एका गोणीतूनच मिळतो. ते पेरणीबरोबर द्यायचं. पुढचं काम गाठींचं.

पिवळेपणाचं कारण ओळखायला पान बघा. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर नत्राची टंचाई, आणि तेव्हा मूळ खणून गाठी बघायच्या. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची टंचाई. चुनखडीच्या रानात पाऊस लागून राहिला की ती हमखास दिसते आणि तिला युरियानं काही होत नाही, चिलेटेड लोहाची फवारणी लागते. पानावर पिवळे-हिरवे ठिपके, पट्टे असतील तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. तीन वेगळ्या दुखण्यांवर एकच गोणी फोडायची सवय आपण सोडायला हवी.

गाठींना हवाही लागते. भारी काळ्या रानात चार दिवस पाणी साचलं की गाठी गुदमरतात, मग आतून काळ्या-हिरवट निघतात. अशा रानात पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा, नाही जमलं तर चार-सहा तासांनंतर एक सरी पाडून पाण्याला वाट द्या. वाफसा आल्यावर कोळपणी झाली की महिन्याच्या पिकात गाठी पुन्हा धरतात.

सोयाबीननं जमीन सुपीक होते हे वाक्य आपण फार सैल हातानं वापरतो. हिशेब करून बघा. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं, म्हणजे दहा क्विंटल सोयाबीन बाजारात गेलं की त्याबरोबर साठ किलोच्या वर नत्र गेला. ४५ किलोच्या तीन गोण्या युरियातला नत्र होतो हा. गाठी चांगल्या असल्या तर सोयाबीन आपल्या गरजेचा निम्मा ते साठ टक्के नत्र हवेतून घेतं, उरलेला जमिनीतून ओढतं. म्हणजे भुस्कटही पेटवून दिलं किंवा विकलं, तर जमिनीचं देणं फिटत नाही, वाढतं. भुस्कट रानात परतलं किंवा गोठ्यातून शेणखत होऊन आलं, तरच गाठींची कमाई घरात राहते. मुगाचं गणित जास्त चांगलं आहे. दोन तोडे झाले की हिरवं असतानाच गाडून टाकलं, तर पुढच्या ज्वारीला किंवा मक्याला त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. मूग मागे सरला याचं मला म्हणूनच वाईट वाटतं. निदान कपाशीच्या दोन ओळींत तरी त्याला जागा द्यावी.

मिरची, मका, कपाशी, अद्रक, कांदा यांना रायझोबियमच्या गाठी येत नाहीत. त्यांची भागी एका बुरशीशी असते. मायकोरायझा म्हणून बाजारात तिचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं आहे. तिचे धागे मुळाच्या आत शिरतात आणि बाहेर मुळांच्या आवाक्यापलीकडच्या मातीत पसरून स्फुरद आणि जस्त गोळा करून आणतात. झाड त्यांना साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. ही भागी चाळीस कोटी वर्षांहून जुनी आहे, म्हणजे झाडांना धड मुळं फुटण्याच्या आधीपासूनची. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही. म्हणून ती मुळाला भिडेल अशीच द्यावी लागते: रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये किंवा लागवडीच्या वेळी खड्ड्यात, मुळाखाली. कोकोपीटमध्ये ती नैसर्गिकपणे नसते, तेव्हा ट्रेमधलं रोप घेताना रोपवाटिकेला विचारा, त्यांनी टाकली आहे का. महिनाभरानं वरून भुरभुरवली तर मल्चिंगवरच राहील.

आणखी दोन गोष्टी मिरचीवाल्यांनी ध्यानात घ्याव्यात. लागवडीनंतर ठिबकमधून १२:६१:०० चे डोस ठोकणार असाल तर मायकोरायझाचे पैसे वाचवा. स्फुरद मुबलक मिळाला की झाड या बुरशीला जवळ करत नाही. एकतर माती परीक्षण करून स्फुरद कमी करा आणि बुरशीला काम करू द्या, नाहीतर सरळ खतावर चाला. दोन्हीचे पैसे कशाला? आणि मर रोगाच्या धास्तीनं लावणीबरोबर कार्बेन्डाझिमची आळवणी केलीत तर ही बुरशीही मरते. रानाचा इतिहासही बघावा. कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळाला मायकोरायझा लागत नाही, त्यांच्यानंतर जमिनीत ती रोडावते. मका मात्र तिला पोसणारं पीक. मक्यानंतर मिरची हा आपल्याकडचा फेरपालट या बाबतीत उत्तमच. एक सावधगिरीचं सांगतो, पांढऱ्या मुळ्या फुटल्या म्हणजे मायकोरायझा लागला, असं कुणी दाखवलं तर मान डोलवू नका. हे धागे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आणि अ‍ॅझोटोबॅक्टर हेही उपयोगाचे, पण ते मुळाच्या आत राहत नाहीत, आसपासच्या मातीत सेंद्रिय खतावर जगतात. शेणखत नसलेल्या रानात त्यांना नुसतं सोडून भागत नाही.

आता गोठ्याकडे. गायीला, म्हशीला, शेळीला कडबा पचवता येत नाही, हे वाक्य विचित्र वाटेल, पण खरं आहे. कडब्यातला काष्ठतंतू तोडणारं विकर तिच्या शरीरात तयारच होत नाही. तो तोडतात तिच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव. मोठ्या जनावराचं कोटीपोट म्हणजे शंभर लिटरच्या आसपासची, ३९ अंशांवर ठेवलेली, बिनहवेची टाकी. तिच्यातल्या मिलिलीटरभर पाण्यात हजार कोटींच्या घरात जिवाणू, शिवाय आदिजीव आणि बुरशा. ते वैरण आंबवतात, त्यातून जी आम्लं निघतात त्यांवर जनावराची सुमारे सत्तर टक्के ऊर्जा भागते. आणि पुढे ते सूक्ष्मजीवच वाहत पुढच्या पोटात जाऊन पचतात, जनावराला प्रथिनं मिळतात. आपण घालतो ती वैरण आधी या जित्राबांची असते, मग गायीची.

मक्याच्या तालुक्यात याचा एक जीवघेणा अर्थ आहे. दिवाळीच्या आगेमागे खळ्यावर कणसांचे आणि दाण्यांचे ढीग असतात. रात्री दावं सुटतं, गाय किंवा दोन शेळ्या ढिगाला लागतात आणि सकाळी पोट तुडुंब घेऊन उभ्या असतात. कडबा पचवणारे जिवाणू सावकाश काम करतात. एकदम पिठूळ धान्य पडलं की दुसरीच जात फोफावते, ती लॅक्टिक आम्ल तयार करते. कोटीपोटाचा सामू सहा-सातवरून पाचाच्या खाली घसरतो, कडब्यावरचे जिवाणू मरतात, आम्ल रक्तात जातं. जनावर चारा सोडतं, रवंथ थांबतो, पोट हलवलं तर आत पाणी खळखळतं, शेण आंबूस वासाचं पातळ होतं, चाल झिंगल्यासारखी होते, मग बसतं ते उठत नाही. एक-दोन दिवसांत जीव जातो. दळलेला भरडा खाल्ला असेल तर आणखी लवकर. लग्नात किंवा भंडाऱ्यात उरलेला भात, पोळ्या, कणीक जनावरापुढे ओतली की नेमकं हेच होतं. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण घमेलंभर भात शेळीच्या जिवावर उठतो.

म्हणून लक्षणांची वाट बघू नका. जनावरानं धान्य खाल्लं आहे एवढं कळलं की लगेच ढिगापासून दूर बांधा, उरलेलं खाद्य उचला, पाणी एकदम भरपूर पाजू नका, पुढे फक्त कोरडा कडबा ठेवा आणि पशुवैद्यकाला फोन करा. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. फोनवर जनावराचं वजन, किती खाल्लं आणि किती वाजता खाल्लं हे नीट सांगा. खाण्याचा सोडा किती पाजायचा हे त्यावरून ते सांगतील. बसलेल्या, मान टाकलेल्या जनावराच्या तोंडात बाटलीनं काहीही ओतू नका. ते फुप्फुसात जातं आणि आम्लानं वाचलेलं जनावर त्यानं जातं.

मक्याचा भरडा दुभत्या जनावराला द्यायचा तर जरूर द्या, पण मूठभरानं सुरू करून पंधरा-वीस दिवसांत पूर्ण मापावर या. आधी वैरण, मग भरडा, आणि दिवसाचं माप दोन-तीन वेळांत विभागून. वैरण बदलतानाही हेच. कडब्यावरून हिरव्या मक्यावर, हिरव्यावरून मुरघासावर एका रात्रीत उडी मारू नका. कोटीपोटातली वस्ती बदलायला दोन आठवडे लागतात.

शेतात गाठींना नको असलेला युरिया इथं मात्र कामाचा आहे, अर्थात रीत पाळली तर. कोटीपोटातले जिवाणू त्यातल्या नत्रापासून स्वतःची प्रथिनं बनवतात. १०० किलो कोरड्या कुट्टीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, दाबून प्लास्टिकनं हवाबंद झाकायचं आणि २१ दिवसांनी उघडायचं. अमोनियाचा उग्र वास उडून जाईपर्यंत तासभर पसरून ठेवायचं, मग थोडं-थोडं देत वाढवायचं. सहा महिन्यांखालच्या वासराला हे कधीच द्यायचं नाही, कारण हा नत्र पचवणारी वस्ती त्याच्या पोटात पुरती उभी राहिलेली नसते. युरिया सुटा खाद्यात किंवा पाण्यात मिसळून तर कुठल्याच जनावराला नाही. तो विष ठरतो आणि वाचवायला वेळ मिळत नाही. युरियाची उघडी गोणी आणि खत कालवलेली बादली गोठ्याबाहेर ठेवा.

वासराची वस्ती हळूहळू बसते. आईनं चाटल्यानं, गोठ्यातल्या इतरांसोबत राहिल्यानं, वाळल्या चाऱ्याला तोंड लावल्यानं जिवाणू आत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पुढ्यात मऊ वाळलेलं गवत आणि मूठभर खुराक ठेवला, तर तीन महिन्यांपर्यंत कोटीपोट नीट चालू होतं. नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासरात ते मागे पडतं. करडांचंही तसंच.

आणि एक सवय ताबडतोब सोडा: शेळीला हगवण लागली म्हणून घरात उरलेल्या माणसाच्या प्रतिजैविक गोळ्या कुटून पाजणं. रवंथ करणाऱ्या जनावराला तोंडानं दिलेलं प्रतिजैविक आधी कोटीपोटातल्या जिवाणूंना मारतं. हगवण थांबली तरी चारा पचेनासा होतो आणि जनावर खंगत जातं. डॉक्टर बहुतेक वेळा सुई देतात ते याचसाठी. जनावर बरं होऊनही आठवडाभर चारा खात नसेल, रवंथ करत नसेल, तर डॉक्टरांना निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी देण्याबद्दल विचारा. ते नळीनं काढून, गाळून, कोमट असतानाच आजारी जनावराला पाजतात. त्यासाठी गोठ्यातलं एक धडधाकट, नियमित कडबा खाणारं, गेल्या महिनाभरात कुठलंही औषध न दिलेलं जनावर त्यांना दाखवता यायला हवं.